वरून पाहिलं तर बरोबर

माझ्या नाकावर राग असतो, हे मान्य. ताई मला लहानपणापासून ठिणगी म्हणते, आणि कारखान्यातले लोक पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. पण त्या रविवारी सकाळी मी अगदी शांत होते. ताईला चहा द्यायला तिच्या खोलीत गेले, तर बाईसाहेब जमिनीवर बसून आपली पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

ब्रेलची पुस्तकं म्हणजे काय प्रकरण असतं ते घरात असल्याशिवाय कळत नाही. एकेक पुस्तक उशीएवढं. ताईच्या पुस्तकांनी कपाट खाल्लं, पलंगाखालची जागा खाल्ली, माझ्या शिवणयंत्राला बाहेर काढलं. या पुस्तकांवरून आमची किती भांडणं झाली असतील त्याची गणती नाही. आणि आज ती स्वतःहून ती बांधत होती.

"हे काय चाललंय?"

"देऊन टाकते. शाळेतल्या पोरींना होतील."

"आणि तू काय वाचणार?"

"रेडिओ आहे की."

मी कप खाली ठेवला. ताई अठ्ठावन्न वर्षांची आहे, जन्मापासून तिला दिसत नाही, आणि एकतीस वर्षं ती अंधशाळेच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. छापून आलेल्या पानांवर डाव्या हाताचं बोट फिरवायचं आणि चूक दिसली की थांबायचं. हो, 'दिसली' असंच ती म्हणते. तिच्या बोटाखालून सुटलेली चूक अजून कोणाला सापडलेली नाही. अशी बाई म्हणते रेडिओ आहे की!

"ताई, सरळ सांग."

"राजीनामा दिलाय मी. ही रजा संपली की एक तारखेपासून कायमची घरी."

"काय?"

"ओरडू नकोस. बोटं गेली ग माझी."

हे तिनं दूध नासलं असं सांगावं तसं सांगितलं.  ताईला सात वर्षांपासून साखर आहे. सात वर्षं मी तिच्या मागे लागलेय. बिस्किटाचा पुडा दिसला की माझं सुरू व्हायचं: खा, खा, एक दिवस बोटं बधिर होतील, मग बस हात चोळत. मी रागात बोलायचे, भीतीनं बोलायचे, आणि तिला ते पाठ झालं होतं.

"तूच तर सांगत होतीस," ती म्हणाली. "झालं तसं."

मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसले. मला विचारलं का नाहीस, इतके दिवस रजा सांगून घरात गप्प बसलीस, राजीनामा म्हणजे काय भाजीची पिशवी आहे का परत ठेवून द्यायला. ती खोक्याला सुतळी बांधत राहिली. गाठ घट्ट, नीट, एका झटक्यात. बधिर बोटांची बाई अशी गाठ मारते का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एक बारीक नायलॉनचा धागा काढला. त्याचं टोक बोटाला लावायचं आणि कळलं की पेशंटनं हो म्हणायचं. "आता डोळे मिटा," डॉक्टर सवयीनं बोलून गेला आणि मग ओशाळला. ताई म्हणाली, "मिटलेत, आज अठ्ठावन्न वर्षं." दहाही बोटांना, प्रत्येक वेळी, धागा टेकायच्या आत तिचा हो तयार. डॉक्टर म्हणाला, बोटं ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा बरी आहेत.

मी आनंदानं उडायचीच बाकी होते. ताई बाहेर आली आणि म्हणाली, "चांगला माणूस आहे. मन राखायला बोलतो."

"मन राखायला? त्यानं तपासलं!"

"धागा कळणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं."

"मग वाचता येत नाही हे तुला कुठे कळलं?"

तेव्हा कुठे, बसच्या थांब्यावर, बाईंनी तोंड उघडलं. शाळेच्या नव्या इमारतीत जिन्याच्या कठड्यांवर अर्धगोल प्लास्टिकच्या पट्ट्या बसणार होत्या. प्रत्येक मजल्यावर एक. वरून हात सरकवत आलं की बोटं कठड्याच्या कुशीत वळतात, नेमकं तिथे ब्रेलमध्ये लिहिलेलं असणार: कितवा मजला, कुठल्या बाजूला काय. नमुन्याची पट्टी तपासायला शाळेनं तीन जणांची समिती केली. ताई, संचालक सर आणि एक निवृत्त गुरुजी. तिघंही न बघता जग वाचलेले, शाळेतले सगळ्यात मुरलेले वाचक. ती पट्टी सगळ्यांत आधी ताईच्या हातात आली.

"आणि मला एक अक्षर लागेना," ती म्हणाली. "वरची टिंबं लागायची. खालची बोटाखाली येईचनात. जणू बोटाचा खालचा अर्धा भाग मेलाय. पुन्हा फिरवलं, दुसरा हात लावला. नाहीच."

"मग तसं सांगायचं!"

"कुणाला? एकतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या. आता उठून म्हणू, पट्टी चुकीची आहे? नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणाले असते सगळे. झाकली मूठ बरी. सही केली, वाचनीय आहे म्हणून लिहिलं, आणि घरी येऊन राजीनामा ब्रेलमध्ये टाइप केला."

मी विचारलं, पट्ट्या कुठे बनतायत. तिनं सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्या आमच्याच कारखान्यात बनत होत्या.

मी तिथे बावीस वर्षं आहे. मिलिंग मशीननं धातू कोरून साचे करायचे, आणि ते मशीन कुठल्या वाटेनं फिरेल ते कॉम्प्युटरवर ठरवायचं, हे माझं काम. पण या पट्ट्यांचा साचा माझ्याकडे आला नव्हता. तो गेला होता नव्या इंजिनिअरकडे. त्याला आम्ही डिफॉल्ट म्हणतो. कारण कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की हा पुढे, पुढे, पुढे दाबत जातो आणि मशीन सुरू करतो. वाईट नाही पोरगा. पण एखाद्यानं घरात शिरताना चपला काढायच्या की नाही हेही कॉम्प्युटरला विचारावं, त्यातला.

मंगळवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि त्याची फाइल उघडली. दोन मिनिटं लागली. दोनच.

गोष्ट अशी असते. ब्रेलची टिंबं आधी सपाट कागदावर आखतात. टिंबाटिंबात अडीच मिलिमीटर अंतर, तेवढंच, कारण तेवढंच बोटाच्या पेरात मावतं. मग ती आखणी साच्याच्या गोल पृष्ठभागावर उतरवायची असते. त्याला प्रोजेक्शन म्हणतात, आणि ते कसं करायचं ते सेटिंगमध्ये निवडावं लागतं. एक पर्याय: वरून सरळ खाली. दुसरा: पृष्ठभागावर गुंडाळून. गोल डब्यावर लेबल चिकटवलं तर त्यावरची अक्षरं जशीच्या तशी राहतात, ते गुंडाळणं. आणि त्याच डब्यावर आडवी चाळणी धरून पीठ पाडलं तर माथ्यावर ठिपके जवळजवळ पडतात आणि कडेला उतारावर लांबलांब, ते वरून सरळ. डिफॉल्टनं वरून सरळ ठेवलं होतं. आणि मजकूर होता नेमका उतारावर, जिथे बोटं वळतात. मी नमुन्याची पट्टी काढली, कागदाची चिंधी तिच्या कुशीत दाबून बसवली, टिंबांच्या खुणा घेतल्या आणि कागद सरळ करून मोजला. अडीचच्या जागी पाच. एकेक अक्षर उंचीला दुप्पट. कुठल्याही माणसाच्या बोटात ते मावणार नव्हतं.

अंगण वाकडंच होतं! माझी बहीण अकरा दिवस स्वतःला मोडीत काढून बसली होती, आणि अंगण खरोखर वाकडं होतं.

डिफॉल्ट आला तसा मी त्याला धरला.

"हे सेटिंग तू बघितलंस?"

"मॅडम, ते आधीपासून तसंच होतं. टेम्प्लेटमध्ये."

"टेम्प्लेट कोणाचं आहे?"

त्यानं नुसतं पडद्याकडे बोट केलं. खाली कोपऱ्यात टेम्प्लेट कोणी आणि कधी साठवलं ते लिहिलेलं असतं. नऊ वर्षांपूर्वी. नाव माझं. दारावरच्या सपाट पाट्यांसाठी मी ते तसं ठेवलं होतं आणि सपाट पाटीला कसंही उतरवलं तरी काही फरक पडत नाही. मी विसरून गेले, ते तिथेच राहिलं.

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण म्हणून राग गेला असं कोणी समजू नये. उलट दुप्पट झाला, फक्त आता त्यात मीही होते. मी पट्टी उचलली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले.

आमच्या मॅनेजरला सगळे बघू म्हणतात. पंखा बंद पडला, बघू. पगारवाढ, बघू. मी सगळं सांगितलं, टेम्प्लेट माझं होतं तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तपासणीचा कागद पुढे केला.

"कॅमेऱ्यानं तपासलंय. हे बघा. सगळी अंतरं अडीच. एकही चूक नाही."

"कॅमेरा कुठे असतो आपला?"

"वरती."

"वरून सरळ पाडलेलं वरून सरळ बघितलं तर बरोबरच दिसणार ना! जिन्यावर वरून कोण बघणार आहे साहेब? ज्यांच्यासाठी आहे ते तर बघतच नाहीत!"

"आवाज कमी करा."

"नाही करणार. उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे हे. एकानं तरी डोळे मिटून बोट फिरवलं का यावर?"

त्यानं शांतपणे दुसरा कागद काढला. "आपण नाही फिरवलं. ज्यांना कळतं त्यांनी फिरवलं. समितीची मंजुरी. तीन सह्या. पहिली सही..." त्यानं चष्मा वर केला. "तुमच्याच ताईंची ना ही?"

माझं तोंड बंद झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर डिफॉल्ट सगळ्यांना सांगत होता.

"पट्ट्या तयार आहेत, परवा जाऊन बसणार," बघू म्हणाला. "मंजुरी त्यांनी दिलीय. मागे घ्यायची तर त्यांनीच घ्यायची. त्यांनी सांगितलं तर नवा साचा करू. नाहीतर मी कुठल्या तोंडानं थांबवू?"

राग येतो तो याचाच. माणूस चुकीचं बोलत नव्हता. परवा त्या पट्ट्या बसल्या असत्या आणि शाळेतली नवीन पोरं जिन्यात उभी राहून बोटं फिरवत बसली असती, आणि पोरांनाही वाटलं असतं की आपल्यालाच येत नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही. भंगारातला अॅल्युमिनियमचा तुकडा घेतला, सेटिंग बदलून गुंडाळून केलं, छोटा साचा कोरला. डिफॉल्ट न सांगता शेजारी येऊन उभा राहिला आणि पटकन घट्ट होणारं रेझिन कालवून दिलं. थोडं टेबलावर सांडलं. मी त्याला म्हटलं, माझी चूक तुझ्याआधीची आहे, कालव नीट. तासाभरात नवी पट्टी हातात आली. वरून बघितली तर वाकडी दिसत होती, टिंबं एकमेकांत घुसल्यासारखी. कॅमेऱ्यानं ती नापास केली असती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ताई बाहेरच्या खोलीत बसली होती आणि रेडिओ बंद होता.

"हात पुढे कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"कर म्हणते ना."

"पट्टी आणलीयस तू." तिनं दोन्ही हात काखेत घातले. लहान मुलं औषधाला घालतात तसे. "नको ग. झालं ते झालं. पुन्हा नको दाखवूस मला."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "ताई, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"परवाच शंभर रुपये मागितलेस."

"ते सोड! हात दे."

तिनं डावा हात दिला, पण मुठीत. मी एकेक बोट सोडवलं आणि नव्या पट्टीच्या कुशीत ठेवलं. बोट जागेवरच थांबलं. मग सरकलं. आधी हळू, मग तिच्या नेहमीच्या वेगानं, तो वेग मी चाळीस-पन्नास वर्षं बघत आलेय.

"तिसरा मजला," ताई म्हणाली. "डावीकडे वाचनालय."

 ती पुन्हा सुरुवातीला गेली. "तिसरा मजला, डावीकडे वाचनालय." मग तिसऱ्यांदा. मग मी तिच्या हाती जुनी पट्टी दिली, आणि बोट पहिल्या अक्षरावरच अडखळलं. मी सगळं सांगितलं. चाळणी, पीठ, लेबल, अडीच आणि पाच, टेम्प्लेटखालचं माझं नाव, काही लपवलं नाही. ती ऐकत होती. आमच्या घरात राग हे माझं खातं आहे, ताई कधी चढ्या आवाजात बोललेली मला आठवत नाही. तिनं जुनी पट्टी उचलली आणि जीव खाऊन भिंतीवर फेकली. भिंत राहिली बाजूला, माझी पाण्याची बाटली आडवी झाली.

"अकरा दिवस!" ती म्हणाली. "अकरा दिवस मी एक पान वाचलं नाही. भात जेवताना बोटांकडे लक्ष ठेवायची मी, आज किती कळतंय, उद्या किती कळेल. रात्री एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताची बोटं चाचपायची. आणि तुम्हा लोकांचं एक बटण दाबायचं राहिलं म्हणून?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि तू मला सात वर्षं घाबरवलंस."

"हो."

"फोन लाव."

"कुणाला?"

"संचालक सरांना. आणि स्पीकरवर ठेव, म्हणजे मी मधेच माघार घेतली तर तुला कळेल."

मी फोन लावला. संचालक सर म्हणजे शाळेतलं मोठं प्रस्थ. स्वतः दृष्टिहीन, त्याच शाळेत शिकलेले, साठीला आलेले. ताई त्यांच्याशी बोलताना बसल्या जागी पदर सारखा करते, त्यांना दिसत नाही आणि तिलाही दिसत नाही तरी.

"सर, मी बोलतेय. त्या पट्टीवर मी खोटी सही केली. मला एक अक्षरही वाचता आलं नव्हतं. पट्टी चुकलीय, माझं बोट नाही. पण ते मला आज कळलं. तेव्हा मला वाटलं माझं बोट गेलं, आणि लाजेनं मी वाचनीय म्हणून लिहिलं. मंजुरी रद्द करा. माझ्या नावानं करा, कारण लिहा, मी खोटं बोलले म्हणून."

 मला वाटलं फोन कटला.

"सर?"

"थांबा," ते म्हणाले. "दार लावून घेतो."

खुर्ची सरकली, दार लागलं, पावलं परत आली.

"मलाही नाही आलं वाचता," ते म्हणाले.

ताई फोनकडे झुकली.

"तुमची सही माझ्या आधी होती. तुम्हाला वाचता आलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? मला वाटलं, वय झालं. मजकूर मीच लिहून पाठवला होता, पाठ होता. गुरुजींनी मला विचारलं, काय लिहिलंय हो यावर? मी घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी लगेच सही केली."

"गुरुजींनाही..."

"त्यांनी परवा त्यांची पुस्तकं शाळेला दिली. सगळी. मी आभाराचं पत्र पाठवलं त्यांना."

 तीन माणसं, शाळेतली सगळ्यात हुशार, तीन घरांत तीन अंधारांत आपापली बोटं चाचपत बसलेली. कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या तोंडात इतक्या शिव्या आल्या, पण कोणाला द्यायच्या तेच कळेना.

"तुम्ही तरी विचारायचं होतं मला!" ताई भडकून म्हणाली. संचालकांशी ती अशी बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही विचारलंत?"

 सरांनी मोठा श्वास घेतला तो स्पीकरवर नीट ऐकू आला.

"तुमचा राजीनामा दिलात तसाच इथे टेबलावर आहे, त्यावर बोट फिरवायचा धीर झाला नाही," ते म्हणाले. "त्याच्याखाली माझा आहे. शुक्रवारी मंडळापुढे ठेवणार होतो."

ताईनं माझ्या हातातला फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला. तिचे डोळे भरले होते आणि आवाज कडक होता.

"दोन्ही फाडा सर. आत्ता. मला ऐकू येऊ दे. आणि मग गुरुजींना लावा."

ब्रेलचा कागद जाड असतो, पटकन फाटत नाही. आम्ही दोघी ऐकत बसलो.